जाऊबाईंचं पोहण्याचं पुस्तक

माझ्या थोरल्या जाऊबाई पोहायला शिकवतात, आणि तेही फक्त मोठ्या माणसांना. तलावावर मुलांसाठी दोन तरुण शिक्षक आहेत. जाऊबाईंच्या वाट्याला येतात ते चाळिशी-पन्नाशीचे, पोट आत ओढून काठावर उभे राहणारे लोक. कुणाला डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी पोहायला सांगितलेलं असतं, कुणाचं लहानपणापासून पाण्याशी वाकडं असतं. जाऊबाई त्यांना आधी पायऱ्यांवर बसवतात, नुसते पाय बुडवायला सांगतात आणि घरच्या गप्पा काढतात. मग कमरेएवढ्या पाण्यात उभं करून, तोंड पाण्याला टेकवून फुंकर मारायला लावतात. बुडबुडे काढता येईपर्यंत पुढचं काही नाही. आयुष्यात कुणाचं ऐकून न घेतलेले बँकेचे मॅनेजर निमूटपणे बुडबुडे काढताना मी पाहिलेत. तलावावर सगळे त्यांना फुंकरबाई म्हणतात.

मग तलाव बंद पडला. तळाच्या फरशा सुटल्या, पाणी झिरपायला लागलं, आणि दुरुस्तीला किती दिवस लागतील ते कुणी धड सांगेना. मुलांच्या शिक्षकांना दुसरीकडे काम मिळालं. जाऊबाई घरी बसल्या. भावोजी चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवण्याचं काम करतात, त्यामुळे चूल बंद पडणार नव्हती. पण रोज पहाटे पाण्यात उतरणारं माणूस घरात बसलं की घराचीही पंचाईत होते. जाऊबाईंनी आधी कपाटं आवरली, मग माझी कपाटं आवरली. त्या वरच्या मजल्यावर, आम्ही खाली. माझी तिसऱ्यांदा आवरलेली भांडी परत खाली काढायला लागल्यावर मीच म्हटलं, तुम्ही जे शिकवता ते लिहून काढा ना. ई-पुस्तक करू. छापायला नको, दुकान शोधायला नको, लोक फोनवरच विकत घेतात.

मी शाळेच्या ऑफिसात काम करते, टायपिंगचा हात चालतो. संध्याकाळी मी त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी बसायची आणि जाऊबाई फेऱ्या घालत सांगायच्या. चित्रं हवी होती, म्हणून भावोजींना स्टुलावर पालथं झोपवून हात-पाय मारायला लावले आणि फोटो काढले. पासपोर्टच्या फोटोला करतात तसा गंभीर चेहरा करून ते हवेत पोहत होते. त्यातलाच एक फोटो मुखपृष्ठावर घातला आणि नाव ठेवलं 'पाण्याला भिणाऱ्यांसाठी'. पुस्तकांच्या ऑनलाइन दुकानात त्यांच्या नावाचं खातं उघडलं, त्यांचाच मोबाइल नंबर दिला आणि पुस्तक चढवलं.

पहिल्या आठवड्यात त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी घेतलं, बहिणीनं घेतलं, मी घेतलं. मग सामसूम. जाऊबाई दिवसातून दहादा फोन बघायच्या. शेवटी दोघींनी मिळून ई-पुस्तकं कशी विकायची ते इंटरनेटवर शोधलं आणि तिथंच घोळ झाला. एकदा शोधल्यावर जाहिरातींनी फोनचा पिच्छाच पुरवला. कुणी झोपेतही पुस्तकं विकली जातील म्हणत होता, कुणी शेवटच्या दोनच जागा उरल्यात म्हणून घड्याळ उलटं फिरवत होता. पान बंद करून परत उघडलं की ते घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू. त्यातल्या एकाचं फुकट व्याख्यान आम्ही तिघांनी सोफ्यावर बसून ऐकलं. आवाज मधासारखा, अंगात कोट, मागं पुस्तकांनी भरलेलं कपाट. त्यानं स्वतःच्या कमाईचे आकडे पडद्यावर दाखवले. भावोजी म्हणाले, हा दिवसभर पैसे कसे मिळवायचे तेच सांगत बसतो, मग मिळवतो कधी? त्यांनी त्या माणसाचं नाव हवापंप ठेवलं.

पण जाऊबाईंना तो पटला. तो अदबीनं बोलायचा, मॅडम मॅडम करायचा, आणि मुख्य म्हणजे पुस्तक चांगलं आहे असं म्हणायचा. त्यांनी साठवलेल्यातून त्याच्या फीचा पहिला हप्ता भरला आणि त्यानं पाठवलेल्या करारावर सही केली. कामाच्या सोयीसाठी म्हणून त्यानं खात्याचा पासवर्ड मागितला, तोही दिला. काही दिवसांत त्यानं मुखपृष्ठ बदललं. भावोजींच्या जागी निळ्या समुद्रात झेप घेणारा एक पिळदार तरुण आला. जाऊबाईंना ते बघवेना. कव्हर आमच्यावर सोडा, असं त्यानं सांगितल्यावर त्यांनी ते पान उघडणंच सोडलं. विक्रीचे मेसेज मात्र यायला लागले. एक, दोन, मग रोज. घरात जरा हसू आलं.

एका रविवारी सकाळी जाऊबाईंनी मला वर बोलावलं. लोकांनी पुस्तकाबद्दल लिहिलंय म्हणतात, जरा वाचून दाखव, चष्मा सापडत नाही. मी पान उघडलं आणि आधी नावावरच अडखळले. 'पाण्याला भिणाऱ्यांसाठी' ही अक्षरं बारीक होऊन खाली गेली होती. वर ठसठशीत लिहिलं होतं, 'सात दिवसांत खोल पाण्यात पोहा. खात्रीशीर.'

जाऊबाईंनी ते मला पुन्हा वाचायला लावलं.

खाली अभिप्रायांची रांग होती. आयुष्य बदललं, जादू झाली, आता मी समुद्रात पोहते. सगळे एकाच हातानं लिहिल्यासारखे. समुद्रात पोहणाऱ्या बाईचा फोटोही होता. भावोजींनी मान पुढं करून बघितलं आणि म्हणाले, ही तर आमच्या दुकानातल्या फ्रेमच्या पोस्टरवरची बाई. तिथं ती चष्मा लावून हसते, इथं काढून हसते. मला हसू फुटलं, पण पुढच्या अभिप्रायावर ते थांबलं. आदल्या दिवशी संध्याकाळी कुणीतरी लिहिलं होतं:

'बाई, पुस्तक आवडलं. वर सात दिवस म्हटलंय, आत दिवसांचा हिशोब दिसत नाही. माझा उद्या सातवा दिवस. आमच्या गावाजवळ जुन्या खाणीत पाणी साठलेलं आहे. उद्या खोल पाण्यात उतरायचं ना?'

जाऊबाईंचा चेहरा पांढरा पडला. मी घाईघाईनं त्याखाली उत्तर टाकलं, जाऊ नका, अजिबात उतरू नका. पण ज्यानं विचारलं तो ते कधी वाचणार? हवापंपाला फोन लावला. विकत घेणाऱ्यांशी खात्यातून बोलता येतं, पण पासवर्ड त्यानं बदललेला; निदान तेवढं करा म्हणून जाऊबाईंनी विनवलं. तो म्हणाला, मॅडम, शांत व्हा, रविवारी आमचं ऑफिस बंद असतं. आणि तळाशी बारीक अक्षरात लिहिलंय की ज्यानं त्यानं आपल्या जबाबदारीवर करावं. मग त्यानं फोन ठेवला.

भावोजींचं लक्ष त्या प्रश्नाशेजारच्या चिमुकल्या फोटोकडे गेलं. दिवसभर बारीक काचा तपासणारं माणूस. त्यांनी तो मोठा करायला सांगितला. एक जाडजूड गृहस्थ ॲप्रन घालून एका बेकरीच्या दारात उभे होते आणि डोक्यावरच्या पाटीवर बेकरीचं नाव होतं. मी ते नाव शोधलं. त्या नावाच्या दोन बेकऱ्या निघाल्या. पहिल्या ठिकाणी कुणी फोन उचलला नाही. दुसऱ्या ठिकाणी मालकीणबाईंनी उचलला. हो, म्हणाल्या, आमचे मालक पोहायचं पुस्तक वाचतात खरे. आत्ताच सायकल घेऊन खाणीकडे गेले. फोन इथंच चार्जिंगला आहे.

जाऊबाईंनी माझ्या हातून फोन घेतला. तलावावर त्या कधी आवाज चढवत नाहीत, आताही चढवला नाही. "वहिनी, मी ते पुस्तक लिहिणारी. दुकान तसंच सोडा आणि त्यांच्यामागे जा. त्यांना पाण्यात उतरू देऊ नका. तुम्हीही उतरू नका."

पलीकडे शटर ओढल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

मग आम्ही वाट बघत बसलो. जाऊबाई चपलांच्या कपाटाशी जमिनीवरच बसल्या. खाणीला उथळ कड नसते, म्हणाल्या. पहिलं पाऊल टाकलं की सरळ खाली. पाणी वरून कोमट लागतं आणि खाली बर्फासारखं. त्या हे कुणाला उद्देशून सांगत नव्हत्या. भावोजींनी चहा केला, तो कुणी प्यायला नाही. मधे एकदा फोन वाजला आणि तिघांनीही झडप घातली, तर गॅसवाला निघाला. त्याला उगाचच बोलणी बसली.

पुन्हा वाजला तेव्हा बाप्याचा आवाज होता. जरा दम लागलेला, जरा ओशाळलेला. बायकोच्या फोनवरून बोलतोय म्हणाला.

"मी पाण्यात उतरलोच नाही हो, बाई."

जाऊबाईंनी डोळे मिटून घेतले. "नाही ना उतरलात?"

"नाही. तुम्हीच लिहिलंय की, तळ दिसत नाही तिथं पाय टाकायचा नाही, आणि काठावर पोहता येणारं माणूस नसेल तर सरळ घरी जायचं. मला पाठ आहे ते. पण वर खात्रीशीर खात्रीशीर लिहिलेलं. दोन्ही तुम्हीच कसं लिहिलं ते कळेना, म्हणून विचारलं."

"मग आज खाणीवर कशाला गेलात?"

"तळ दिसतो का बघायला."

"दिसला?"

"नाही दिसला."

जाऊबाईंचा जीव भांड्यात पडला. त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. फोन माझ्याकडे आला. मी त्या गृहस्थांना काय सांगितलं ते मला नीट आठवत नाही. त्यांच्या बायकोनं मागून त्यांची जी खरडपट्टी काढली, ती मात्र स्पष्ट ऐकू आली, आणि त्या क्षणी कानाला फार गोड लागली.

दुपारी जेवून जाऊबाई उठल्या आणि म्हणाल्या, आता ते पुस्तक खाली उतरव. मी म्हटलं, पासवर्ड तर त्यानं बदललाय. त्याला परत फोन केला तर तो करारावर आला, आधी उरलेली फी भरा म्हणाला. तेवढ्यात भावोजींनी विचारलं, खातं कुणाच्या नंबरवर आहे? जाऊबाईंच्या. मी 'पासवर्ड विसरलात?' यावर बोट ठेवलं. जाऊबाईंच्याच फोनवर आकडे आले, ते टाकले, आणि खातं परत आपलं. ज्याच्यासाठी त्या माणसाच्या हातापाया पडायची वेळ आली होती, ते आमच्याच खिशात होतं.

संध्याकाळपर्यंत पुस्तक उतरवलं. ते खोटे अभिप्राय आमचे नाहीत, काढून टाका, असं दुकानाला कळवलं. विकत घेणाऱ्या प्रत्येकाला जाऊबाईंनी सांगितलं तसं मी लिहिलं: सात दिवसांची गोष्ट खोटी आहे. कुणाला महिना लागतो, कुणाला वर्ष. त्या जाहिरातीमुळे पुस्तक घेतलं असेल तर पैसे परत मिळतील. मला वाटलं होतं, सगळेच परत मागतील. थोड्यांनी मागितले. बाकीच्यांनी पुस्तक ठेवून घेतलं, आणि एका बाईंनी तर लिहिलं की आठवडा उलटूनही बुडबुड्यांतच अडकले म्हणून स्वतःला मठ्ठ समजत होते, आता बरं वाटलं. जाऊबाईंनी तो मेसेज दोनदा वाचला.

हवापंपानं नोटिशीच्या धमक्या दिल्या, मग गप्प झाला. दुसरं कुणी गळाला लागलं असेल. भरलेली फी गेली ती गेलीच. जाऊबाईंनी त्यावर फार शोक केला नाही. माणूस सुखरूप आहे ना, एवढंच त्या म्हणायच्या, आणि भांडी घासताना मधेच थांबून परत तेच म्हणायच्या.

पुस्तक पुन्हा चढवलं ते जुन्या नावानं, मुखपृष्ठावर स्टुलावरच्या भावोजींना घेऊन. पहिला धडा फुकट ठेवला, म्हणजे वाचून मगच घ्यायचं का ते ठरवता येतं. जाऊबाई ओळखीच्या व्यायामोपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या, त्यांना पुस्तक वाचायला दिलं, पटलं तरच पेशंटना सांगा म्हणाल्या. त्यांना पटलं. विक्री हळूहळू व्हायला लागली. हवापंपाच्या काळाइतकी कधीच झाली नाही, पण महिनाअखेरीला वीजबिल आणि किराणा त्यातून निघायला लागला, आणि मेसेज आला की आता कुणी दचकत नाही.

जाहिरातवाल्यांचे फोन अजून येतात. जाऊबाई सगळ्यांना एकच विचारतात, पुस्तक वाचलंत का? बहुतेक जण तिथंच गळतात. एक मुलगी मात्र म्हणाली, वाचलंय. खूप खपेल असं मी सांगू शकत नाही, पण तुमच्या धड्यांची नावं गोंधळात टाकतात आणि फोनवर चित्रं फार लहान दिसतात. पासवर्ड मागितला नाही, पैसे काम झाल्यावर द्या म्हणाली. तिला काम दिलं. चित्रं मोठी झाल्यावर भावोजींचं पोट जरा जास्तच दिसायला लागलं, ही त्यांची तक्रार आहे. पण पुस्तक वाचणारे त्याच चित्राखाली लिहितात, यांना जमतंय तर आम्हालाही जमेल.

तलाव सुरू झाल्यावर बेकरीवाले बस धरून आले, बरोबर बायको आणि खोकाभर बिस्किटं. जाऊबाईंनी बिस्किटं बाजूला ठेवली आणि त्यांना सगळ्यांसारखंच पायऱ्यांवर बसवलं. त्यानंतर ते दर रविवारी यायला लागले. पाठीवर तरंगायला त्यांना चांगले तीन-चार महिने लागले. ज्या दिवशी जमलं त्या दिवशी मी तलावावर होते. जाऊबाईंनी त्यांच्या पाठीखालचा हात हळूच काढून घेतला, ते त्यांना कळलंच नाही. ते छताकडे बघत बेकरीतल्या भट्टीबद्दल काहीतरी सांगत राहिले आणि काठावर त्यांची बायको तोंडावर पदर दाबून बघत राहिली.

घरी येऊन जाऊबाई पोटभर जेवल्या. मग मला म्हणाल्या, लॅपटॉप आण. खाणीतल्या पाण्यावर एक वेगळा धडा घालायचा राहिलाय.