खाडीतली उडी

कासवांच्या पाहणीवर मला घेतलं ते कोळ्यांशी बोलायला. अमिरातीतल्या उम्म अल कुवैनच्या बंदरात बोटींवर काम करणारे बरेचसे भारतातले आणि बांगलादेशातले. त्यांना हिंदीत विचारायचं, जाळ्यात काय येतं, कासव अडकलं तर काय करता. ते मोजकंच बोलायचे. "सब ठीक है मॅडम," की खलास! प्राणिशास्त्राची पदवी कपाटात ठेवून मी इतकी वर्षं मोहम्मद बिन झायद सिटीत घर सांभाळलं होतं, त्यामुळे मला एवढं कामही खूप वाटायचं.

पण टीमची बोट खाडीत निघाली की मी धक्क्यावरच. कासव धरायला पाण्यात उडी मारावी लागते, आणि मला पोहता येत नव्हतं.

"मग शीक की," आमची टीम लीडर म्हणाली. ती इथलीच, अमिराती, माझ्यापेक्षा बरीच लहान.

बिल्डिंगच्या पूलमध्ये लहान मुलांच्या बॅचला चाळिशीची मी एकटीच. मुलगी लाजून दूर जाऊन बसायची. "आई, प्लीज, नॉट व्हेन माय फ्रेंड्स आर हिअर!" नवरा मात्र ऑफिसचे कपडे न बदलता काठावर उभा राहून ओरडायचा, "पाय मार, पाय!" नाकातोंडात पाणी जायचं, रडू यायचं. तरी सोडलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात लीडरने मला बोटीच्या टोकाशी उभं केलं. उथळ पाण्यात तळाचं गवत दिसत होतं. बोटीपुढे पळणारं कासव दमलं आणि श्वास घ्यायला वर आलं.

"यल्ला!" लीडर ओरडली. चल, मार उडी!

मी उडी मारली. एक हात मानेमागे, दुसरा शेपटीच्या वर, कवचाच्या कडेला. ते मला घेऊन थेट खालीच निघालं. काय ताकद होती! शिकवल्याप्रमाणे त्याचं तोंड वर वळवलं आणि आम्ही दोघं पाण्याबाहेर आलो. त्याने जोरात श्वास सोडला, मीही.

बोटीत घेतल्यावर दिसलं, पुढच्या पायात जाळ्याची नायलॉनची दोरी रुतून बसली होती. डोळ्यांवर ओला टॉवेल टाकताच ते शांत झालं. लीडरने दोरी कापली, जखम धुतली. मी कवचाची मापं घेतली, दुसऱ्या पायाला नंबरचा बिल्ला बसवला. पाण्यात सोडायचं कामही तिने मलाच दिलं. ते दिसेनासं झालं तरी मी कठड्याला धरून बघतच होते, आणि माझं हसू काही थांबेना.

"यू जम्प्ड? फ्रॉम द बोट?" घरी मुलीने पुन्हापुन्हा विचारलं, मग फोटो मागून घेतले. सोसायटीतल्या तिच्या सगळ्या मैत्रिणींना ते लगेच पोचले.

पुढच्या वेळी गेले तर धक्क्यावरही बातमी आधीच पोचली होती. "मॅडम, आप कूदी थीं?" नेहमी गप्प असणाऱ्या एका वयस्क कोळ्याने विचारलं. मी हो म्हटल्यावर त्याने शेजारची पेटी सरकवून मला बसायला दिलं, चहा मागवला. तुटून हरवलेली जाळी तळाशी कुठे कुठे पडली आहेत, ते त्या दिवशी तो आपणहून सांगत बसला. ती जाळी आम्ही त्याच्याच बोटीतून जाऊन काढली. ओढायला मीही होते.