रिकाम्या रायफलीचा धक्का

बोरिवलीतल्या एका गच्चीवरची ती फुटलेली पाण्याची टाकी अजून डोळ्यांसमोरून जात नाही. मला लिहिण्याची सवय नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि तिथून थेट पोलिसात आलो. तरी ही हकीकत सांगावीशी वाटते.

भरदुपारी गोळी टाकी फोडून कठड्यात घुसली होती. दोन हातांवर एक बाई पापड वाळत घालत होती. "पापड भिजले ते भिजले, मी वाचले ना साहेब!" ती म्हणाली आणि उरलेले पापड गोळा करू लागली. कठड्यातून निघालेली गोळी बोटाएवढी जाड होती. एवढी गोळी झाडणारी रायफल शेजारच्या बंगल्यातच होती. मालकांच्या वडिलांची, शिकारीच्या काळातली, परवान्याची. मालक लग्नासाठी पुण्याला गेले होते. फाटकावरच्या कॅमेऱ्यात बाहेरचं कुणी आत आलेलं दिसत नव्हतं. बंगल्यात दोघेच होते, मालकांचा भाचा आणि ड्रायव्हर.

संध्याकाळी पोलीस ठाण्यात निनावी फोन आला, "बार ड्रायव्हरने काढला. बंदुकीच्या कपाटाची किल्ली बघा कुणाकडे आहे ते." किल्ली खरोखरच ड्रायव्हरच्या जुडग्यात निघाली.

ड्रायव्हर तिथल्याच जुन्या गावठाणातला, ख्रिस्ती घरातला. त्याला महापालिकेत चालकाची नोकरी लागली होती आणि त्याच्या चारित्र्य पडताळणीचा कागद माझ्याच टेबलावर सहीसाठी पडला होता. गुन्हा त्याच्या नावावर चढला की नोकरी गेली.

"सायब, जुडगा दिवसभर खुंटीला असतो. कोन पन घेतो," तो म्हणाला. "माझा हात स्टेअरिंगचा. बंदूक मी नाय उचलली कधी."

भाचा खुर्चीत रेलून म्हणाला, "मीही कधी हात लावलेला नाही. त्यालाच विचारा ना."

दोघांचंही म्हणणं एकच. मग मला प्रशिक्षणातले उस्ताद आठवले. पहिल्या दिवशी भीतीने मी रायफल खांद्यापासून सैल धरली आणि तिने असा दणका दिला की रात्रभर कूस बदलता आली नाही. दुसऱ्या दिवशी उस्तादांनी मला न सांगता रिकामी रायफल हातात दिली. मी चाप ओढताना डोळे मिटले, खांदा आखडला. नुसतं टक् वाजलं. सगळी तुकडी हसली. उस्ताद म्हणाले, "बेटा, खांद्याला आठवण असते. घट्ट धर, म्हणजे कमी लागेल."

जप्त रायफलीला मी हात लावला नाही. ठाण्यातली आमची रायफल मागवली, ती रिकामी असल्याचं तीनदा तपासलं आणि आधी ड्रायव्हरच्या हातात दिली. त्याने खांद्याला टेकवायचा मागचा दस्ता झाडूसारखा काखेत धरला, उघड्या डोळ्यांनी चाप ओढला. टक्. माझ्याकडे बघून म्हणाला, "झालं?" हवालदाराला हसू आवरेना.

मग भाचा. जबाबावर उजव्या हाताने सही केलेला हा मुलगा रायफल डाव्या खांद्याला लावू लागला.

"उजव्या खांद्याला लाव."

"जिममध्ये लचकलाय, सर."

"हळूच लाव."

त्याने लावली. चाप ओढण्याआधीच डोळे गच्च मिटले, मान मागे गेली, खांदा पुढे आला. टक्. खोलीत कुणीच हसलं नाही. त्याने डोळे उघडले आणि त्याचा चेहरा उतरला.

वैद्यकीय तपासणीत शर्टाखाली दस्त्याच्या आकाराचा काळानिळा डाग निघाला. मग तो बोलू लागला. बंगल्याच्या आवारातल्या फणसाच्या बुंध्यावर नेम धरला होता. दणक्याच्या भीतीने चाप ओढतानाच तो दचकला, नळी वर गेली. फोनही त्यानेच केला होता. पुढे जप्त रायफलीवरचे बोटांचे ठसेही त्याच्याशी जुळले.

ठसे जुळले त्याच दिवशी मी ड्रायव्हरच्या पडताळणीच्या कागदावर 'प्रतिकूल काही नाही' असं लिहून सही केली. सव्वीस वर्षांच्या नोकरीत एवढ्या ठसठशीत अक्षरात सही केल्याचं मला आठवत नाही. काही महिन्यांनी ड्रायव्हर नव्या गणवेशात पेढे घेऊन आला. म्हणाला, "सायब, त्या दिवशी ती बंदूक नीट धरली होती ना मी?"

"अगदी चुकीची धरली होतीस," मी म्हणालो, "म्हणूनच सुटलास."

त्या दिवसापासून चौकशीत मी एक सवय लावून घेतली. माणसाला काय माहीत आहे हे तर विचारायचंच, पण काय माहीत नाही तेही शांतपणे बघायचं. ज्याला धक्का बसलेलाच नसतो, त्याला तो लपवावा लागत नाही.