पूर्वेकडं तोंड करून

लातूरच्या एका क्लासमध्ये मी गणित शिकवतो. आकड्यांवरच माझं पोट आहे. तरी आकड्यांनी मला जेवढं गंडवलंय, तेवढं सासरच्यांनीही नाही! आमच्या स्टाफरूममध्ये जुना किस्सा सांगून संपायच्या आत नवा दारात उभा असतो.

चौकात आमचा फ्लेक्स लागला: 'शंभर टक्के निकाल!' मी हबकलोच. माझ्याच बॅचची एकोणीस पोरं आपटली होती. तडक संचालकांना गाठलं.

"सर, बारीक अक्षरं वाचत जा," ते म्हणाले.

परत चौकात गेलो, चष्मा पुसून वाचलं. 'विशेष बॅच.' त्या बॅचमध्ये पोरं किती? तीन! त्यातला एक संचालकांचा भाचा.

*

मग सर्व्हे निघाला. 'जवळपास सगळ्याच विद्यार्थ्यांना रविवारचं लेक्चर हवंय!' मला तर धक्काच बसला. रविवारी अर्धा वर्ग रिकामा असतो!

"फॉर्म कधी भरून घेतले?" मी बायोलॉजीच्या मॅडमना विचारलं.

"रविवारी," त्या म्हणाल्या. "आलेल्या पोरांकडून."

*

पालक मेळाव्यात पडद्यावर ग्राफ झळकला. आमचा खांब माडासारखा, दुसऱ्या क्लासचा हरभऱ्याच्या रोपाएवढा. फरक होता अर्ध्या टक्क्याचा! ग्राफच मुळी नव्वदपासून सुरू केलेला. सगळे टाळ्या वाजवत होते.

रेणापूरचे एक पालक उठले. "सर, आमी ऊस बुडापासून मोजतो. तुमी नुसता शेंडाच मोजायलाव की!"

टाळ्या थांबल्या. संचालकांनी लगेच चहा सांगितला.

*

पण मारोतीमामांचं प्रकरण ऐकाल तर खुर्चीतून उठाल. मामा नायगावचे, आमचे शिपाई. माणूस सोन्यासारखा, पण शुगर फार. गोळ्या आठवल्या तर घ्यायचे, नाहीतर नाही.

आमच्या केमिस्ट्रीच्या गिरी सरांनी ग्रुपवर मेसेज टाकला: 'गोळ्या म्हणजे निव्वळ धंदा! कडुनिंबाचा पाला खा, शुगर मुळासकट घालवा!' मामांनी त्याच दिवशी गोळ्या बंद केल्या. आठवड्यात चहाच्या ट्रेसकट जिन्यावर कोसळले. डोक्याला चार टाके!

मी गिरी सरांवर भडकलो. "अहो, तुम्ही केमिस्ट्री शिकवता!"

"मी कुठं वाचलं?" ते म्हणाले. "खाली 'दहा जणांना पाठवा' लिहिलं होतं, म्हणून पाठवलं."

डॉक्टरांनी मामांना स्पष्ट सांगितलं, गोळ्या सोडल्या तर पुढच्या वेळी टाक्यांवर भागणार नाही. पण मामा ऐकतील तर शपथ! मी रोज शेजारी बसून समजावलं, हातापाया पडलो.

"सर, तुमी गणिताचे," ते म्हणायचे. "ह्यातलं तुमाला काय कळतंय?"

*

शेवटी मीच पाप केलं. माझ्या भाचीच्या नंबरवरून मामांना मेसेज धाडला: 'शास्त्रज्ञही थक्क! डॉक्टरांनी दिलेली गोळी पूर्वेकडं तोंड करून, तांब्याच्या भांड्यातल्या पाण्यासोबत रोज घ्या. दुप्पट गुण!'

दुसऱ्या दिवशी मामा तांब्याचं भांडं घेऊन हजर. एक दिवस चुकवला नाही. तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. शुगर जागेवर! डॉक्टर खूश, मामांची बायको तर माझ्यासमोर रडली. मीही मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. खोटं बोलून का होईना, माणूस वाचला होता.

गेल्या सोमवारी सकाळी क्लासवर आलो आणि जागीच थबकलो. पायऱ्यांवर सातआठ जण, सगळे पूर्वेकडं तोंड करून, प्रत्येकाच्या हातात तांब्याचं भांडं. दुसऱ्या पायरीवर डोळे मिटून गिरी सर! पुढं मारोतीमामा.

"मामा," मी विचारलं, "गोळी घेतली का?"

"न्हाई सर. पंधरा दिवस झाले, बंद केली."

"बंद? अहो, का?"

मामा माझ्याकडं बघून हसले.

"सर, गोळी तर म्या पयलेबी खात होतो. तवा आला का गुण? न्हाई! पूर्वेला बसलो आन् गुण आला. मंग गुण कशाचा? सांगा की, तुमी तर गणिताचे!"