चेकरच्या हातून सुटलेल्या पेशी

ऐंशीच्या दशकात मी बेळगावात बीएस्सीला होते, तेव्हा आमच्या निपाणीत माझ्याइतकं शहाणं कुणी नाही असं मला वाटायचं. वय एकोणीस, नाकावर चष्मा आणि अक्कल वसतिगृहाच्या पेटीत कुलूपबंद.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आले तर आईची बोटं सुजलेली. मांडीवर सूप घेऊन बसायची, पण सकाळी मूठच वळायची नाही. बिड्या वळण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलेलं, आणि आता बिडीचं तोंड मुडपायला शेजारीण लागायची.

मी लगेच निदान केलं. "आई, तुझी प्रतिकारशक्ती कमी झालीया. ती वाढवाय पायजे."

गुळवेलीचा काढा सुरू झाला. तिनं डॉक्टरचं नाव काढलं की मी म्हणायची, "मग मी काय उगंच शिकतीया?" बिचारी तोंड वाकडं करून पीत राहिली.

संक्रांतीला बोटं वाकडी व्हायला लागली, तेव्हा कुठं मी तिला बेळगावला नेलं. काढ्याचं ऐकून डॉक्टर म्हणाले, "यांची प्रतिकारशक्ती कमी नाही, ती स्वतःच्याच सांध्यांवर तुटून पडलीय. आणि तू तिलाच बळ द्यायला निघालीस?"

परतीच्या एसटीत मी खाली मान घालून आईला पुस्तकातलं सांगू लागले. छातीच्या हाडामागं थायमस नावाची ग्रंथी असते. तिथं टी पेशींची परीक्षा होते. त्यांच्यापुढं आपल्याच शरीराचे तुकडे धरतात, आणि जी पेशी त्यांच्यावर झडप घालते ती बहुधा तिथंच मरते.

"म्हंजे आत चेकर बसलाय म्हण की. कारखान्यात वाईट बिड्या छाटतो तसा."

"व्हय."

"मग माझ्या चेकरला डुलकी लागली काय गं?"

"थोड्या सगळ्यांच्याच सुटत्यात. पण बाहेर त्यांना गप्प बसवणारं कुणीतरी असतंय. तुझ्यात ते जमंना झालंय."

"शिकलेल्या लेकीला तरी कोण गप्प बसवतंय!" आई एवढ्या मोठ्यानं म्हणाली की कंडक्टरही हसला.

डॉक्टरच्या गोळ्यांनी त्या पेशींचा जोर हळूहळू ओसरला. उन्हाळ्यात एका सकाळी आईनं मूठ वळली, उघडली, पुन्हा वळली, आणि सूप ओढून घेतलं. उजव्या हाताची दोन बोटं मात्र वाकडीच राहिली. लवकर नेलं असतं तर, हे ती कधीच बोलली नाही. फक्त घरात कुणाला ताप आला आणि मी तोंड उघडलं, की ती दोन वाकडी बोटं ओठांवर ठेवायची.