पितळेच्या भावात दोन दिवे

“भंगाराचे चार हजार? तुम्ही सर्व्हेयर कंपनीचे की गाडीवाल्या पार्टीचे?” असं म्हणून नागपूरच्या ब्रँच मॅनेजरांनी माझा रिपोर्ट माझ्याकडे सरकवला. सरकवला कसला, भिरकावलाच.

मी यवतमाळला मोटारींचा सर्व्हेयर होतो. विमा काढलेल्या गाडीला अपघात झाला, आग लागली, की जाऊन बघायचं, नुकसान ठरवायचं आणि कंपनीला लिहून द्यायचं. फी कंपनी देते. त्यामुळे काही मॅनेजरांना वाटतं की आमची अक्कलही आपणच विकत घेतली आहे.

गाडी घाटंजीच्या देवाजी मेश्रामांची होती. माझ्या वडिलांच्या तरुणपणातली विलायती मोटर: कापडी टप, लांब फूटबोर्ड आणि समोर दोन भलेमोठे पितळी दिवे. कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंग कारखान्याच्या मालकाकडे देवाजींनी पंधरा वर्षं ती चालवली. मालकाने नवी घेतली तेव्हा जुनी यांनी विकत घेतली, इंजिन स्वतः उघडून बसवलं, टॅक्सीचं परमिट काढलं. विमाही भाड्याच्या गाडीचाच होता. सगळं रीतसर.

भाडं मुख्यतः लग्नाचं. देवाजी छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेले. त्यांच्या समाजातल्या नवरदेवाला आजूबाजूच्या कितीतरी गावांत भर रस्त्याने घोड्यावरून जाऊ देत नसत. आता तो देवाजींच्या मोटारीतून जायचा, आणि तोही टप खाली करून, म्हणजे सगळ्या गावाला दिसावा. सोयरीक जमली की आधी देवाजींकडे माणूस यायचा, “मोटर कधी मोकळी हाय?” ते सांगतील ती लग्नाची तारीख.

कापसाचा हंगाम संपत आला होता. बाजाराच्या दिवशी मोटर जिनिंगच्या भिंतीला लागून उभी होती आणि आतल्या कापसाच्या गंजीने पेट घेतला. माणसं वाचली, मोटर गेली. उन्हाळ्यातली अकरा लग्नं तिच्यावर ठरलेली होती.

मी पाहायला गेलो तर हबकलोच. जळलेली मोटर चकाकत होती!

“देवाजी, हे काय करून ठेवलंत?”

“सायेब येनार म्हनून धुतली जी. तीन दिस लागले. दिवे चिंच लावून घासले. अशी काळीकुट्ट कशी दाखवावं तुमाले?”

मी कपाळावर हात मारला. आग इंजिनातून निघाली की बाहेरून आली, हे काजळी सांगते. या भल्या माणसाने पुरावाच धुऊन टाकला होता. नशीब, पोलिसांचा पंचनामा आदल्या आठवड्यातच झाला होता. आग भिंतीकडून आली, टप आणि मागची बाजू आधी गेली, असं त्यात स्पष्ट होतं. लाकडी सांगाडा संपला होता, चॅसी वाकली होती. याला आमच्या भाषेत टोटल लॉस म्हणतात, म्हणजे दुरुस्तीत काही अर्थ उरलेला नाही. पुढचे दोन दिवे तेवढे वाचले होते.

“मियन ना सायेब काही? लोकायले शब्द देल्ला हाय मी.”

मी म्हणालो, मिळेल. पॉलिसीवर चार हजारांचा आकडा होता आणि त्याच आकड्यावर कंपनी दर वर्षी हप्ता घेत होती.

मॅनेजर म्हणाले, “ती वरची मर्यादा. द्यायची असते मार्केट व्हॅल्यू.”

इथपर्यंत त्यांचं बरोबर होतं. मार्केट व्हॅल्यू म्हणजे जळण्याच्या आदल्या दिवशी ती गाडी बाजारात कितीला गेली असती ते. पण यांनी बाजार पाहिलाच नाही. यांनी घसाऱ्याचा तक्ता काढला. दर वर्षी इतके टक्के कमी. इतक्या जुन्या गाडीला त्या तक्त्यात ओळच नव्हती. मग साहेबांनी माझ्या रिपोर्टवर लाल पेन्सिलीने लिहिलं, “भंगार. लोखंड व पितळ वजनावर.” खाली सही ठोकली.

माझं डोकंच सणकलं. हप्ता घेताना चार हजारांची मोटर आणि पैसे द्यायची वेळ आली की भंगार? हप्ता घेताना कुठे गेला होता हा तक्ता?

“रिपोर्ट बदला. नाहीतर पॅनेलवर नाव राहणार नाही.”

पॅनेल म्हणजे कंपनी ज्यांना कामं देते त्यांची यादी. माझं निम्मं घर त्या यादीवर चालायचं. खोटं कशाला बोलू, भीती वाटली. पण राग त्याहून मोठा होता.

“साहेब, पॉलिसीची अट वाचा. पैशांऐवजी तशीच दुसरी गाडी द्यायची कंपनीला मुभा आहे. मी रिपोर्ट बदलतो. पैसे देऊ नका. भंगाराच्या भावात तशीच मोटर आणून द्या. कळंबला एक आहे, चला.”

मॅनेजर निघाले. त्यांना वाटलं, हे तर आणखी स्वस्तात पडेल.

कळंबच्या पाटलांची मोटर गोठ्यात उभी होती. मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली.

“विकाची नाई,” पाटील म्हणाले.

“अहो, पण ती बंद आहे ना?”

“मंग? बंद तं आता मी बी हाय. मले विकता का?”

मॅनेजरांनी पाचशे रुपये सांगितले. पाटील इतके हसले की त्यांना ठसका लागला. “पाचशात हिचे टायर बी येत नाई, बापू. साडेचार देनारा वापस धाडला मी.”

“साडेचारशे?”

“हजार!”

मी तिथेच पाटलांचा जबाब लिहून घेतला आणि त्यांची सही घेतली. मग मॅनेजर माझ्यासोबत पुढे घाटंजीला आले. तिथे त्यांनी जळलेली मोटर पाहिली, दोन्ही दिव्यांवरून हळूच हात फिरवला आणि परत गेले. पंधरा दिवसांत पूर्ण चार हजार मंजूर झाले.

सोबत मला मॅनेजरांची एक चिठ्ठी होती. पूर्ण भरपाई दिली की उरलेला सांगाडा कंपनीचा होतो, त्याला सॅल्व्हेज म्हणतात, आणि तो विकायचं काम माझं. चिठ्ठीत लिहिलं होतं, “दोन्ही दिवे नीट बांधून माझ्या बंगल्यावर पाठवावेत.”

वाचून अंगाचा तिळपापड झाला. देवाजींना द्यायचं तेव्हा भंगार, आणि यांच्या दिवाणखान्यात शोभेची वस्तू! निर्लज्जपणालाही काही हद्द असावी.

मी घाटंजीला गेलो. किराणा दुकानातल्या तराजूत दिवे ठेवले. पितळेचा त्या दिवशीचा भाव विचारला, देवाजींकडून तेवढे पैसे घेऊन पावती फाडली आणि कंपनीला पाठवली. सोबत लाल पेन्सिलीच्या शेऱ्याची नक्कल जोडली. वर लिहिलं, “आपल्या लेखी आदेशाप्रमाणे पितळ वजनावर विकले.”

उत्तर आलं नाही. त्या कंपनीचं कामही पुन्हा आलं नाही.

देवाजींनी जुनी जीप घेतली आणि तिच्या तोंडावर ते दोन दिवे बसवले. आजोबांचा चष्मा नातवाने लावावा तशी ती दिसायची. अकराही लग्नं ठरल्या तारखेला लागली. पहिल्या वरातीला मला बोलावणं होतं. नवरदेव जीपमध्ये उभा राहून आला, गावाच्या मधल्या रस्त्याने.

तिथे मी देवाजींना शहाणपण शिकवलं. जुन्या गाडीचा विमा काढताना मालक आणि कंपनी दोघांनी मिळून किंमत ठरवावी आणि ‘नुकसान झाल्यास हीच देऊ’ असं कंपनीकडून लिहून घ्यावं. आणि जळलेली गाडी पुन्हा कधी धुवायची नाही!

देवाजी म्हणाले, “पन सायेब, धुतली नसती तं त्या म्यानेजरले कसं कयलं असतं, आमचं काय जयलं ते?”