वामनकाका ‘छान’ कधी म्हणाले

शेजारच्या वामनकाकांचा मुलगा दारातच उभा राहून म्हणाला, “बाबा गेले.” मी मटकन खाली बसले. खूप रडले त्या दिवशी. पण आता दीड महिना झालाय, आणि खोटं कशाला सांगू, वामनकाका आठवले की हसूच जास्त येतं...

त्यांचं घर विणकरांचं. हातमाग बंद पडला तेव्हा काका नागपुरातच सदर भागातल्या एका दुकानात नोकरीला लागले, पण सूत हाताळलेली बोटं काही स्वस्थ बसेनात. मग बोन्सायचा नाद लागला आणि गच्ची इवल्याशा वड-पिंपळांनी भरली. एकोणीसशे सत्तरच्या सुमारास मी त्यांच्या मागे लागले, मलाही शिकवा म्हणून.

माझा पहिला वड मी जिवापाड जपला. मे महिन्यातलं नागपूरचं ऊन बघून वाटलं, बिचारा जळेल! म्हणून त्याला घरात आणून कूलरसमोर, वाळ्याच्या गार वाऱ्यात ठेवला. आठ दिवसांत सगळी पानं गळाली. काका कमरेवर हात ठेवून बघत राहिले. “काहून वं, जावई आला होता का तुह्या घरी?” मी रडायला लागले, तर त्यांनी कुंडी उचलून गच्चीवर बांबूच्या तट्ट्याच्या सावलीत नेली. महिन्याभरात कोंब फुटले.

पुढे काही वर्षांनी फुलांच्या प्रदर्शनात त्याच वडाला पहिलं बक्षीस मिळालं. आई पेढे वाटत सुटली. काकांनी झाडाभोवती एक चक्कर मारली. “डावी फांदी जड होऊन राहिली. काप.” बक्षिसाच्या झाडाची फांदी! मी फणकारले, “काका, एकदा तरी छान म्हणा ना!”

“छान म्हटलं का हात थांबते,” ते म्हणाले. “मले तुहा हात थांबवाचा नाही.”

महिनाभर मी अबोला धरला. फांदी तर मुळीच कापली नाही. वर्षभरात झाड असं एका अंगाला कललं की बघवेना. शेवटी कापली, मुकाट्यानं.

त्यानंतर एका सकाळी काका स्वतःचा सगळ्यात जुना वड घेऊन आले. त्याला ते कोणाला हात लावू देत नसत. स्टुलावर ठेवून म्हणाले, “याची चूक सांग.” मला वाटलं, थट्टाच! बराच वेळ बघितलं... शेंड्याखालची एक फांदी उगीचच होती. पण सांगायला जीभ रेटेना. शेवटी बोलले एकदाची. काकांनी खिशातून कात्री काढून माझ्या हातात दिली.

“मंग काप.”

बाप्पा! पण कापली. काकांनी त्या दिवशी चहा दोनदा मागून घेतला.

तो वड काकूंनी आता मला दिलाय. कापलेल्या जागेवर साल भरत आली आहे, तरी बोटाला ती खूण लागते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरी विचारतात, ही खूण कसली हो ताई? मी सांगते, इथे काकांनी मला छान म्हटलं होतं.