काका मागे उभे होते

आमच्या जहाजाच्या कोर्समधली सिम्युलेटरची खोली अंधारी असते. तिन्ही बाजूंना पडदे, पडद्यांवर समुद्र आणि मधे, जिथून जहाज चालवतात, त्या ब्रिजसारखा ब्रिज. जमीन जराही हलत नाही, तरी लाटा बघून पाय आपोआप फाकतात. त्या दिवशी कप्तान मी होते. भरलेलं तेलवाहू जहाज धक्क्याला लावायचं होतं आणि पलीकडच्या खोलीतून आमचे सर मुद्दाम वारा वाढवत होते. आम्हा सगळ्यांचे मोबाइल बाहेर कपाटात ठेवलेले होते.

मधेच दार उघडलं. तिथून जवळच पनवेलला नोकरी करणारे माझे काका आत आले आणि मागच्या भिंतीशी उभे राहिले. वाटलं, पुतणीचं काम बघायला आलेत. मी जरा ठसक्यातच हुकूम द्यायला लागले. टगना, म्हणजे जहाज रेटणाऱ्या छोट्या बोटींना, ढकलायला सांगितलं, इंजिन उलटं फिरवलं. जहाज अलगद टेकलं.

दिवे लागले. सर पलीकडच्या खोलीतून आत आले.

"घर चाल, बेटा," काका म्हणाले. "तुन्ही माय गयी."

मी सरांकडे वळले आणि विचारलं, "सर, टेकताना वेग किती होता?"

सरांनी बाहेरच्या कपाटातून माझा मोबाइल आणून दिला.

गाडीत बराच वेळ गेल्यावर मी काकांना म्हटलं, "आल्या आल्या का नाही सांगितलंत?"

"तू जहाज लावी ऱ्हायनी व्हती. मधमा कसा बोलू?"

गावी, ब्राह्मणपुरीला सगळे माझ्यासाठी थांबले होते. आई अंगणात, बर्फाच्या पेटीत. तिच्या बोटांवर केळीच्या चिकाचे काळे डाग तसेच होते. बायका गळ्यात पडून रडत होत्या. मावशी मला हलवून सांगत होती, "रडी ले वं, बेटा, रडी ले." मी मान डोलावत राहिले. मग कुणीतरी चहा दिला, तो प्यायले. गोड होता, एवढं कळलं.

दिवसकार्य झाल्यावर परत जाऊन कोर्स पुरा केला. त्या दिवशीचा सराव सरांनी पास धरला होता. आता मी खऱ्या जहाजावर असते. बंदर जवळ आलं, मोबाइलला रेंज आली, की बोट अजून आईच्याच नंबरवर जातं. तो फोन हल्ली वडील वापरतात.

"बोल," ते म्हणतात.

मी विचारते, "शेतातल्या मोटारीला लाइट आली का?"

"उनी व्हती. परत गयी."